दुखतंय हे सांगायचं कुणी

३ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच बाजूला ठेवाल अशी भीती वाटते. म्हणून पहिल्या ओळीतच सांगते, गोटू जिवंत आहे आणि घरीच आहे. आता बाकीचं शांतपणे वाचा.

नवीन बूट घासून त्याच्या डाव्या करंगळीला फोड आला. निमित्त तेवढंच. साखर तर तुम्ही इथे असतानाच लागली होती. फोडाची जखम झाली, जखम चिघळली, शेवटी करंगळी काढली आणि आता काढल्याची जागा भरत नाही. पायाचे डॉक्टर म्हणतात, पावलापर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही. त्यांनी ऑक्सिजनची ट्रीटमेंट सांगितली आहे. रोज एक बैठक, अशा चाळीसेक. ती झाली तर पाय वाचेल. नाही झाली तर गुडघ्याखालून कापावा लागेल, असं त्यांनी ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं. मी मागेच उभी होते.

ती खोली म्हणजे लोखंडाची एक मोठी आडवी टाकी. आत समोरासमोर बाकं, भिंतीला गोल जाड काचा. दार लावून घेतलं की आतल्या हवेचा दाब वाढवत नेतात, आणि मग मास्कमधून ऑक्सिजन देतात. दाब चढताना कानाला दडे बसतात. गिळलं, जांभई दिली किंवा नाक धरून हलकेच फुंकलं की सुटतात. नाही सुटले तर पडद्याला इजा होते. त्यांनी आम्हाला हे नीट समजावलं. आता तुमच्या या धाकट्या भावाला, चाळिशी उलटली तरी चार वर्षांच्या पोराएवढीच समज असलेल्या गोटूला, हे कसं समजवायचं ते कुणी सांगावं?

परवा त्याची पहिली बैठक झाली. त्यांची नर्स आत होती. गोटू इतका शहाण्यासारखा बसला की चेंबर चालवणाऱ्या बाईसुद्धा माइकवरून म्हणाल्या, "वा, एकदम गुणी पेशंट." बाहेर आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी बघितलं, तर उजव्या पडद्यात रक्त उतरलेलं आणि डाव्याला सूज. वन्सं, एवढं होईपर्यंत त्याने हूं की चूं केलं नाही. तो हसत होता.

आता कान बरा होईपर्यंत, म्हणजे दोन आठवडे तरी, सगळं बंद. तेवढ्यात पाय काय करतो ते देव जाणे.

माझा प्रश्न एकच आहे. गोटूला दुखतंय हे तुम्हाला कसं कळायचं? कळायचं हे मला पक्कं माहीत आहे. त्याला ताप यायच्या आधी तुम्ही गोळी हातात घेऊन उभ्या असायचात. सहा वर्षं मी त्याचं सगळं करतेय, आणि हे तुम्हाला विचारावं लागतंय. विचारायला जड जातंय, पण विचारते.

उत्तर मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. घरी नको. ह्यांना मी सांगितलेलं नाही.

तुमची वहिनी

१३ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. 'दुखलं की तो गप्प होतो आणि अंगठा मुठीत घेतो. हसतो त्याकडे बघू नका. हाताकडे बघा.'

त्याच संध्याकाळी ड्रेसिंग होतं. मी पहिल्यांदा पायाकडे न बघता हाताकडे बघितलं. पट्टी सोडवायला सुरुवात झाली आणि त्याचा अंगठा आत गेला. वरची चार बोटं पांढरी पडेपर्यंत त्याने मूठ आवळली होती. चेहऱ्यावर मात्र नेहमीचं हसू. आम्ही त्याला 'शूर' म्हणत होतो, वन्सं. दोन महिने रोज म्हणत होतो.

त्याची नखं मी कापते. ते हात मी हजारदा हातात घेतलेत. मग हे मला कसं दिसलं नाही, याचा राग कुणावर काढू ते कळत नाहीये. सध्या तुमच्यावर काढतेय. तुम्ही लांब आहात, त्यामुळे सोयीचं पडतं.

पाण्याचंही तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. नुसतं 'पी' म्हटलं तर तो तोंड मिटून बसतो. मी माझा पेला तोंडाला लावला की लगेच तोही लावतो. म्हणून ठरवलंय की पुढच्या वेळी आत मीच बसणार. कानाच्या डॉक्टरांनी माझेही कान तपासले, छातीचा फोटो काढला, नाक धरून फुंकायला लावलं. मी सगळी ताकद लावून फुंकायला निघाले, तर म्हणाल्या, "अहो, फुगा फुगवायचा नाहीये. हळू. जोर लावला तर उलट कानच दुखावतो." आणि अगदी बजावून सांगितलं, की आत सोबत बसणाऱ्यानेही दुखलं की बोलायचं. सर्दी असेल तर आधी सांगायचं. पेशंटच्या नादात सोबतच्या माणसाचा कान गेल्याचं त्यांनी पाहिलंय.

त्यांना मी दुसरा काही मार्ग विचारला. पडद्याला बारीक छिद्र पाडून एक नळी बसवतात, मग दाब आपोआप सारखा होतो. धड माणसाला ते बसल्या जागी करता येतं. गोटू कानाला हात लावू देत नाही, म्हणजे पूर्ण भूल द्यावी लागणार. त्याच्या हृदयाचा रिपोर्ट बघून भुलीचे डॉक्टर म्हणाले, "टाळता आलं तर टाळा." म्हणून आधी पाण्याचे पेले.

माझी तब्येत विचारलीत. ठीक आहे. ह्यांची विचारली नाहीत. तेही ठीक आहेत.

वहिनी

१९ फेब्रुवारी

वन्सं,

जमलं नाही.

काल आम्ही दोघं आत बसलो. जाडे सुती कपडे, खिशात काही नाही, तेल-क्रीम काही लावायचं नाही. दोन बाटल्या पाणी, दोन पेले. दार बंद झालं की कसला आवाज होतो ते तुम्हाला कसं सांगू. तिजोरीत ठेवल्यासारखं वाटतं. मग हवा सुसाट आत यायला लागते आणि गरम व्हायला लागतं.

चेंबरच्या बाईंनी दाब अगदी मुंगीच्या चालीने चढवला. मी घोट घेतला, गोटूने घेतला. मी पुन्हा घेतला, त्याने घेतला. बाहेर हे काचेला नाक लावून उभे. बाई म्हणाल्या, "छान चाललंय." मला वाटलं, जिंकलो.

मग त्याचं पोट भरलं. त्याने पेला खाली ठेवला. मी प्यायले, तो बघत राहिला. मी जांभई दिली, तर तो माझ्या गालावरून हात फिरवायला लागला. मला झोप आली असं त्याला वाटलं असावं. आणि एकदम तो गप्प झाला. मी खाली बघितलं. अंगठा आत.

मी हात वर केला. दाब तिथेच थांबला, थोडा उतरवला. बाईंचा आवाज आला, "गिळतोय का?" मी म्हटलं, "नाही." थोडं थांबून त्यांनी आणखी उतरवला. मूठ सुटेना. मी त्याचा गळा चोळला, रिकामा घास चावून दाखवला, मांडीवर थोपटलं. तो हसत होता, वन्सं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी भरत होतं. मी म्हटलं, "बाहेर काढा आम्हाला."

या वेळी कान वाचला. पडदा नुसता लाल झालाय. वेळेत थांबवलंत म्हणून, असं डॉक्टर म्हणाल्या. पण पायाच्या डॉक्टरांनी जखम बघितली आणि पाऊल उलटं धरून मला दाखवलं. तळव्याच्या बाजूने काळं पडायला लागलंय. ते म्हणाले, "आणखी एकदा करून बघू. नाही झालं तर मग मी वाट बघणार नाही."

बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या मी ह्यांना सांगून टाकलं. अंगठ्याचं मला कुणी सांगितलं, ते. हे लेथ मशीनवर काम करतात तेव्हा जसे डोळे बारीक करून एकाच जागी बघतात, तसे समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिला कळवायची गरज नव्हती."

"मग कुणाला कळवायचं होतं?"

"पुढच्या वेळी आत मी बसतो."

मी म्हटलं, "तुम्ही नुसते शेजारी बसलात तरी तो ताठ होतो. तुमच्यासमोर तो गिळेल?"

ते उठून पाणी प्यायला गेले आणि चांगल्या अर्ध्या तासाने परत आले.

वन्सं, तो तुमची नक्कल करतो. तुम्ही केस विंचरले की हा टक्कल विंचरायचा. तुम्ही शिंकलात की हा खोटं शिंकायचा. माझी पेल्यापुरती करतो, तीही पोट भरेपर्यंत. मी सहा वर्षं खपले, पण ते काही माझ्या वाट्याला आलं नाही. तुम्ही या.

वहिनी

२५ फेब्रुवारी

वन्सं,

'दादाने स्वतः बोलावलं तर येईन.'

हे वाचून मी पत्र दुकानाच्या काउंटरवर ठेवलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला चुकीचा चष्मा दिला.

तुमचा राग मला समजतो. तुम्ही पंचेचाळिशी उलटल्यावर लग्न केलंत, यात काही वावगं नव्हतं. आईंच्या माघारी तुम्ही या पोराला वाढवलंत, आणखी किती करायचं होतं? हे जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. 'पुन्हा या दारात येऊ नकोस' हे तर नकोच होतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते आणि बाहेर आले नाही. पण आता ते सगळं मांडायला वेळ नाही. तुमचा मान आणि त्यांचा मान, यांच्या मधोमध गोटूचा पाय सापडलाय.

ते बोलावणार नाहीत. मी त्यांना ओळखते, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. पण काल मी तुमच्या पत्राची ओळ वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी 'नाही' असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "तिथे बसस्टँडवरून हॉस्पिटलला रिक्षा मिळायला वेळ लागतो." त्यांच्या भाषेत याचा काय अर्थ होतो तो तुम्हीच लावा.

चार तारखेला सकाळी शेवटची संधी आहे. त्याआधी एक दिवस येऊन कान-नाक-छाती तपासून घ्यावी लागेल, त्याशिवाय आत सोडत नाहीत. सर्दी असेल तर आत्ताच औषध घ्या.

बोलावतेय ती मी. माझंही ते घर आहे.

वहिनी

४ मार्च, संध्याकाळ

वन्सं,

हे तुमच्या गेस्ट हाउसच्या काउंटरवर ठेवून जातेय. समोर बोलायला गेले की तुम्ही विषय बदलता आणि मला रडू येतं, त्यापेक्षा हे बरं.

आत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बाहेर काय झालं ते सांगते.

आधी कालचं. तुम्हाला बघून गोटू धावत येईल असं मला वाटलं होतं. तो पाठ करून बसला. सगळा खटाटोप वाया गेला असं वाटलं. तुम्ही त्याच्या पाठीला पाठ लावून बाकावर बसलात आणि तशाच बसून राहिलात. शेवटी त्याने मागे हात घालून तुमची वेणी ओढली. त्या वेळी हे जिन्यात उभे होते. त्यांनी बघितलं. तुम्हाला ते दिसले नसतील.

आज सकाळी दार बंद झालं तेव्हा हे चेंबरच्या बाईंच्या मागे जाऊन उभे राहिले. बाई म्हणाल्या, "काका, बसा." हे बसले नाहीत. दाबाच्या काट्याकडे एकदा बघितलं, मग काचेकडे गेले.

तुम्ही पहिली जांभई दिलीत आणि गोटूने दिली. तुम्ही आ वासलात, त्याने आ वासला. तुम्ही जबडा इकडून तिकडे हलवलात, त्याने हलवला. आरसा समोर धरल्यासारखं. बाई माझ्याकडे वळून हसल्या. मी हात जोडून उभी होते, कुणाला ते मलाही सांगता येणार नाही. मागच्या वेळी आम्ही जिथे अडकलो होतो तो आकडा मागे पडला. गोटूचे दोन्ही हात मांडीवर मोकळे होते. मी डोळे हलवत नव्हते त्यांच्यावरून.

आणि हे म्हणाले, "थांबवा."

बाईंचा हात लगेच व्हॉल्व्हवर गेला. थांबवून मग त्यांनी विचारलं, "काय झालं? पेशंट तर मस्त गिळतोय."

"तो नाही. ती. तिचा कान दुखतोय."

बाईंनी बटण दाबून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "नाही हो, काही नाही. चालू दे."

"खोटं बोलतेय," हे म्हणाले. "तिच्या हाताकडे बघा."

तेव्हा मी बघितलं. तुमचा उजवा हात पाठीमागे बाकावर होता, गोटूला दिसणार नाही असा. अंगठा मुठीत.

बाईंनी दाब थोडा उतरवला आणि जरा कडक आवाजात म्हणाल्या, "ताई, आत कुणी सहन करायचं नसतं." तुम्ही नुसती मान हलवलीत. मूठ तशीच. मग ह्यांनी बाईंना विचारलंसुद्धा नाही, पुढे वाकून बटण दाबलं.

"नाक धर," ते म्हणाले. "हळू. जोर लावू नकोस. घाई नाहीये कुणाला."

आत तुम्ही मान वर केलीत ती मी बघितली. काचेकडे बघितलं नाहीत, छताच्या स्पीकरकडे बघितलंत. सहा वर्षांनी भावाचा आवाज आला तो तिथून. मग तुम्ही नाक धरलंत. लगेच गोटूनेही स्वतःचं नाक धरलं. दोघं बहीणभाऊ नाक धरून समोरासमोर बसलेले, आणि बाहेर हे बटणावर बोट ठेवून, श्वास धरून. पहिल्यांदा सुटलं नाही. "पुन्हा," हे म्हणाले. "मान जरा वाकडी कर." दुसऱ्यांदा तुमचे खांदे खाली आले आणि मूठ उघडली. ह्यांनी बटण सोडलं आणि बाईंना म्हणाले, "आता चढवा. पण मघापेक्षा हळू."

बाई म्हणाल्या, "काका, तुम्हालाच नोकरीला ठेवू का?" ते हसले नाहीत. पण त्या शेवटी बसा म्हणाल्या तेव्हा बसले.

तुम्हाला मास्क नव्हता, गोटूने मास्क ठेवला, बाकीचा वेळ नीट गेला. मी जाऊन ह्यांच्या शेजारी बसले. विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तो अंगठा गोटूचा नाहीये," ते म्हणाले. "तिचा आहे. आई गेली तेव्हा ती अशीच उभी होती दारात. एवढीशी. जो येईल त्याला सांगत होती, मला काही झालं नाही. गोटू तेव्हा तिच्या कडेवर होता. तिथूनच शिकला असणार तो."

तुमच्या घरात दुखलं तर सांगायची पद्धतच नाही, हे मला लग्न होऊन आले तेव्हाच कळायला हवं होतं.

गोटूचे दोन्ही कान स्वच्छ आहेत. तुमचा उजवा गुलाबी झालाय, बाकी काही नाही. उद्या विश्रांती घ्या असं डॉक्टर म्हणाल्या, ती खरंच घ्या. उद्या गोटूबरोबर आत मी बसते. तुम्ही काचेबाहेर उभ्या राहून जांभया द्या, म्हणजे झालं. तसं चालेल का हे मी बाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, "करून बघू, त्याला दिसल्या म्हणजे पुरे."

वहिनी

२९ मार्च

वन्सं,

आज तुम्ही औषधं आणायला खाली गेलात आणि तेवढ्यात पायाचे डॉक्टर आले. तुम्हाला त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही म्हणून जसंच्या तसं लिहिते. त्यांनी पट्टी सोडली, पाऊल उजेडात धरलं, कडेने बोट फिरवलं. लाल, ताजं मांस भरत आलंय. काळं पडलेलं थांबलंय. ते म्हणाले, "कापायचं मी डोक्यातून काढून टाकलंय. बैठका पूर्ण करा, पुढे बुटांची काळजी घ्या." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले. इतकी मोठी गोष्ट माणूस इतक्या सहज सांगून जातो.

मी गोटूला म्हटलं, "पाय राहिला रे." त्याला ड्रेसिंगची पट्टी गुंडाळायला मिळाली याचाच जास्त आनंद झाला होता.

ह्यांच्याकडे बघायचं मी टाळलं. त्यांनाही ते बरं पडलं असावं.

या तीन आठवड्यांत तुम्ही दोघं एकमेकांशी फक्त माइकवरून बोललात. 'हळू.' 'थांब.' 'सुटला का?' 'सुटला.' बाहेर आलात की तुम्ही एका दाराने गेस्ट हाउसला आणि आम्ही दुसऱ्या दाराने घरी. मला आधी याचं हसू यायचं, मग राग यायला लागला. आज घरी आल्यावर मी भांडायचंच ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. हे आतल्या खोलीत गेले. बराच वेळ सामान सरकवल्याचा आवाज येत होता. मी जाऊन बघितलं तर शिवणयंत्र, रद्दी, मोडकी सायकल, सगळं बाहेर काढून त्यांनी कोपऱ्यातली खाट भिंतीपासून ओढली होती आणि तिचे पाय हलतात का ते बघत होते.

मी म्हटलं, "कुणासाठी?"

"बैठका अजून बऱ्याच आहेत," ते म्हणाले. "तिथून रोजचं येणं-जाणं, त्यात त्या गेस्ट हाउसच्या गाद्या. मी बघितल्यात त्या. कंबर धरेल तिची."

म्हणजे हे तिथे कधी येऊन, गाद्या बघून गेलेत, ते तुम्हीच विचारा कधीतरी. आज नको.

हे पत्र मी त्यांच्याच हाती देतेय. ते दारात उभे राहतील आणि बहुतेक एक अक्षर बोलणार नाहीत. पत्र पुढे करतील. तुम्ही वाचत असाल तोवर ते बॅग शोधत इकडे तिकडे बघतील. ती त्यांच्या हातात द्या. नको, मी उचलते, असं म्हणू नका. आणि लवकर खाली या. गोटू रिक्षात बसलाय, आणि रिक्षावाल्याच्या हॉर्नपर्यंत त्याचा हात पोचतो.

वहिनी